चार रात्री, पाच दिवस

“अहो, पण हे दिवे लावून उडत नाही का?”

माले विमानतळावर, रिसॉर्टांच्या काउंटरांपुढे उभं राहून ओळखीतल्या एका काकूंनी आपल्या यजमानांना विचारलेला हा प्रश्न. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुण्यातल्या मुलानं आईबाबांना मालदीवची सहल भेट दिली होती. चार रात्री, पाच दिवस. विमान, रिसॉर्ट, सगळं त्यानंच लॅपटॉपवर बसून ठरवलेलं. मुंबईचं विमान चार वाजायला दहा मिनिटं असताना टेकलं. मग इमिग्रेशनची रांग, बॅगा, त्या बॅगांचा एक्स-रे. काउंटरपर्यंत पोचायला पावणेपाच झाले. बाहेर लख्ख ऊन, समोर हिरवंनिळं पाणी, आणि काउंटरवरची मुलगी गोड आवाजात सांगतेय की रिसॉर्टच्या बेटावर नेणारं आजचं शेवटचं सीप्लेन गेलं, आता उद्या सकाळी. रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावरच्या एका हॉटेलात निघाली, तिचे पैसे वेगळे. रिसॉर्टच्या खोलीचे त्या रात्रीचे पैसे आधीच भरलेले होते, ते बुडाले. मुलानं सकाळचं विमान सोडून दुपारचं घेतलं होतं, कारण ते माणशी चार हजारांनी स्वस्त पडत होतं. परत आल्यावर काकांनी हा हिशेब कधी तोंडातून काढला नाही. काकूंनी मात्र आपला प्रश्न सगळ्यांना हसत हसत सांगितला, आणि ऐकणारेही हसले. मला तो हसण्यावारी नेता आला नाही. एवढ्या खर्चाच्या सहलीत तिकीट विकणाऱ्यानं, खोली विकणाऱ्यानं किंवा विकत घेणाऱ्यानं निघायच्या आधी विचारायला हवा होता तो नेमका हाच प्रश्न होता.

उत्तर साधं आहे. नाही उडत. मालदीवमधली सीप्लेन म्हणजे ट्विन ऑटर जातीची छोटी विमानं. दोन पंखे, पंधराएक प्रवासी, आणि चाकांच्या जागी होडीच्या आकाराचे दोन तरंगते पाय. त्यांना धावपट्टी नसते, त्यामुळे धावपट्टीच्या कडेचे दिवेही नसतात. वारा कुठून आहे, लाट कुठे फुटतेय, प्रवाळाचा खडक कुठे वर आलाय हे वैमानिक डोळ्यांनी बघतो आणि मगच पाण्यावर टेकतो. अंधारात यातलं काही दिसत नाही. त्यातून देश विषुववृत्ताला टेकलेला, त्यामुळे सूर्य बारा महिने सहाच्या सुमारास मावळतो. आपल्याकडच्या जूनसारखा सव्वासातपर्यंत रेंगाळत नाही. एक विमान एका फेरीत दोन-तीन बेटांवर थांबतं आणि काळोख पडायच्या आत त्याला विमानतळाच्या हुलहुले बेटावरच्या तळावर परतायचं असतं. हे सगळं उलटं मोजत आलं की शेवटचं उड्डाण दुपारी चारच्या आसपास येऊन थांबतं. म्हणून रिसॉर्टवाले ‘साडेतीनच्या आत उतरा’ असं बारीक अक्षरात लिहितात. माझं मत त्याहून कडक आहे: दुपारी दोनच्या आत उतरणारंच तिकीट घ्यावं. मुंबईहून विमान तासभर उशिरा सुटणं ही काही बातमी नव्हे. परतीचीही तीच गत. पहिलं सीप्लेन उजाडल्यावर निघतं, म्हणजे सकाळी आठ-नऊचं आंतरराष्ट्रीय विमान पकडायचं तर आदल्या दुपारीच बेट सोडावं लागतं. आणि या सीप्लेनचं वेळापत्रक लोकलसारखं छापलेलं नसतं. उद्या कुठून किती माणसं उचलायची ते पाहून आदल्या संध्याकाळी ते बसवतात. तोवर तुमची वेळ रिसॉर्टलाही ठाऊक नसते.

पॅकेज विकलं जातं ते रात्रींवर.

महाबळेश्वरला ही ‘इतक्या रात्री, इतके दिवस’ची भाषा खपून जाते, कारण घाट रात्रीही चढता येतो. बेटावर ती फसवी होते. काकाकाकूंचंच गणित घ्या. पहिला दिवस काउंटरवर संपला. दुसऱ्या दिवशी साडेनवाचं सीप्लेन, मध्ये दुसऱ्या एका बेटावर थांबा, सव्वादहा-साडेदहाला पोच. खोलीचा ताबा दुपारी दोनला. तोवर स्वागताचं शहाळं पिऊन, बॅगा तशाच ठेवून, लॉबीतल्या वाळूत पाय खुपसून बसायचं. (पोहायचे कपडे, टोपी आणि औषधं हातातल्या पिशवीत असतील तर हे चार तास सत्कारणी लागतात, मोठ्या बॅगेत तळाशी असतील तर नाही.) पाचव्या दिवशी अकराचं विमान, म्हणून सकाळी साडेसहाला बेट सोडायचं, म्हणजे साडेपाचला उठून बॅगा दाराबाहेर. राहिले अडीच दिवस. पाचातले अडीच. एवढ्यात पाऊस लागला, पोट बिघडलं किंवा नुसतं पहिल्या दिवशी उन्हात पाठ भाजून निघाली, तरी सहलीचा गाभाच जातो. त्यात घड्याळाची आणखी एक गंमत. मालेची वेळ भारताच्या अर्धा तास मागे. पण बरीच रिसॉर्ट आपल्या बेटापुरतं घड्याळ एक तास पुढे लावतात, सूर्य सात वाजता मावळावा आणि पाहुण्यांना संध्याकाळ मोठी वाटावी म्हणून. तुमचा फोन मात्र मालेची वेळ दाखवत राहतो. नाश्ता हुकतो, ते एक वेळ चालेल. पण परतीच्या चिठ्ठीवर ‘७.१५’ लिहिलंय ते कुठल्या घड्याळाचं, हे तोंडी विचारून घ्यावं.

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. तीन किंवा चार रात्री असतील तर स्पीडबोटीनं पोचता येईल असं बेट निवडावं, उत्तर किंवा दक्षिण माले अटॉलमधलं (अटॉल म्हणजे प्रवाळाच्या कंकणावरची बेटांची माळ). विमानतळाच्या दाराबाहेरच धक्का आहे, बोट रात्री दहालाही सुटते, आणि पंधरा मिनिटांपासून तासाभरात तुम्ही खोलीत असता. सीप्लेनच्या बेटाला पाच रात्रींखाली जाऊ नये. तिसरा रस्ता देशांतर्गत चाकांच्या विमानाचा: ते अटॉलमधल्या छोट्या विमानतळावर उतरवतं, पुढे बोट. हे विमान अंधारातही उडतं, थोडं स्वस्त असतं, आणि रात्री उशिरा पोचणाऱ्यांची सोय करतं. पण त्यात सीप्लेनची मजा नाही, हे कबूल करायला हवं. सीप्लेनच्या खिडकीतून दिसतं ते दुसरीकडे दिसत नाही. गडद निळ्या पाण्यावर पोपटी कंगोऱ्यांची कंकणं, काही रिकामी, काहींच्या मध्ये वाळूचा ठिपका. फक्त त्या खिडकीपर्यंत पोचायची किंमत आहे. माणशी जाऊन-येऊन साधारण चारशे ते सातशे डॉलर, आणि सामान वीस किलो अधिक हातातलं पाच. त्यापुढे किलोवर पैसे. आत एसी नसतो, आवाज असा की कानात घालायला बोळे देतात. चढायची शिडी अरुंद, आत वाकून जावं लागतं, आणि उतरताना पुष्कळदा बेटाला न लागता पाण्यातल्या हलत्या तराफ्यावर उतरवून तिथून बोटीनं नेतात. गुडघेदुखीच्या माणसाला हे आधी सांगायला हवं. काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात स्पीडबोटही गुळगुळीत नसते. पुढच्या बाकावर बसलेल्याची कंबर लाटेगणिक आपटते. मागे बसावं, इंजिनाजवळ. डिझेलचा वास येतो, पण मणका शाबूत राहतो.

बेट निवडताना लोक फोटो बघतात, आणि इथेच मोठा घोळ होतो. फोटोत जे फिकट पोपटी, काचेसारखं पाणी दिसतं ते म्हणजे उथळ लगून, प्रवाळाच्या कडेच्या आतलं शांत पाणी, खाली नुसती पांढरी वाळू. दिसायला त्यासारखं काही नाही, डुंबायला उत्तम, पण त्यात मासे फारसे नसतात. मासे असतात ते रीफच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकाच्या कडेला, जिथे तळ एकदम खोल जातो आणि पाणी गर्द निळं होतं. ती कड किनाऱ्यापासून तीस-चाळीस मीटरवर असेल तर नाश्ता करून, मास्क चढवून, पाच मिनिटांत तुम्ही माशांच्या मध्ये. अशा बेटाचे फोटो जरा काळपट येतात आणि दरही कधीकधी कमी असतो. कड अर्ध्या किलोमीटरवर असेल तर रोज बोटीनं जायचं आणि दर खेपेला पैसे मोजायचे. एकाच बेटाला दोन्ही असणं विरळा. उपग्रहाच्या नकाशावर बेट मोठं करून बघितलं की दोन मिनिटांत कळतं: गडद रंग वाळूच्या किती जवळ येतो ते बघायचं. समुद्रात वाळू टाकून तयार केलेली बेटंही आता बरीच आहेत, त्यांच्याभोवती जुनं प्रवाळ जवळजवळ नसतं. आणि असलेलं प्रवाळही सगळीकडे फोटोतल्यासारखं रंगीत नाही. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापून इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं. कुठे सावरलं, कुठे नुसते राखाडी सांगाडे उरले. मासे मात्र आहेत. मालवणला पहिल्यांदा पाण्यात डोकं घालून हरखलेल्या माणसाला इथलं पारदर्शक पाणी वेडं करून सोडेल. तरी भरतीओहोटीची ओढ कुठल्या बाजूला आहे हे तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय उतरू नये. आणि पाठीला हवेची टाकी लावून खोल पाण्यात गेलात तर त्यानंतर निदान अठरा तास विमानात बसू नये. त्या विमानात सीप्लेनही आलं.

मग खोली. वाळूवरची की पाण्यावरची, उगवतीची की मावळतीची. मावळतीच्या बाजूच्या व्हिलांचा दर हटकून जास्त, कारण फोटो. पण मे ते ऑक्टोबर वारा नैऋत्येकडून-पश्चिमेकडून येतो. त्याला तिथे हुलहंगू म्हणतात. त्या दिवसांत जादा पैसे भरून घेतलेल्या मावळतीच्या बाजूला दिवसभर वारा घोंगावतो, लाटा खांबांवर आपटतात, आणि स्वस्तातल्या उगवतीच्या बाजूला पाणी तळ्यासारखं पडून असतं. डिसेंबर ते मार्च ईशान्येचा इरुवाई वाहतो, तेव्हा पारडं फिरतं. वाळूचंही तसंच. या बेटांवर वाळू ऋतूप्रमाणे एका बाजूची दुसऱ्या बाजूला सरकते. म्हणून फेब्रुवारीच्या फोटोत दिसलेला तुमच्या दारापुढचा रुंद किनारा ऑगस्टमध्ये गेलात तर तिथे नसतो, बेटाला वळसा घालून पलीकडे गेलेला असतो. क्वचित त्या जागी वाळूच्या पोत्यांची रांग रचलेली दिसते. पाण्यावरच्या व्हिलेत पहिली रात्र खाली पाणी डुबुकडुबुक वाजत राहतं. काहींना अंगाई वाटते, काहींना झोप लागत नाही. डेकला कठडा असेलच असं नाही, म्हणून लहान मूल असेल तर बऱ्याच ठिकाणी ती खोली देतच नाहीत. दोन रात्री वाळूवर, दोन रात्री पाण्यावर अशी वाटणी फार सुचवली जाते. चार रात्रींत मी तरी ती करणार नाही: मधल्या दिवशी बॅगा भरा, अकराला खोली सोडा, दोनला दुसरी मिळणार. अडीच दिवसांतले आणखी तीन तास गेले.

पाऊस? तिथला पाऊस कोकणासारखा झडीचा नसतो बहुधा. तासभर कोसळतो, पुन्हा ऊन. पण लागला तर दोन दिवसही लागतो, आणि चार रात्रींत दोन दिवस म्हणजे निम्मी सहल. उलट जून ते नोव्हेंबर याच काळात बा अटॉलमधल्या हनिफारू खाडीत मांटा रे नावाचे मोठे चपटे मासे जमतात, पंख पसरून, एकामागे एक गिरक्या घेत. तिथे टाकी लावून उतरायला बंदी आहे, वरून तरंगतच बघायचं, तेही ठरलेल्या वेळापुरतं. ज्याला ते बघायचंय त्यानं पावसाचा धोका खुशाल पत्करावा. ज्याला नुसतं ऊन आणि पुस्तक हवंय त्यानं फेब्रुवारी-मार्च. नाताळ ते नववर्ष टाळावं. खोलीच्या चढ्या दरावर सक्तीच्या मेजवानीचं बिल वेगळं लागतं.

पैशांकडे येऊ. दरापुढे दोन छोट्या अधिकच्या खुणा असतात, त्या नजरेतून निसटतात. समजा खोली रात्रीला ५०० डॉलर. त्यावर १० टक्के सेवाशुल्क, झाले ५५०. त्या ५५० वर १७ टक्के पर्यटन कर (१ जुलै २०२५ पासून, त्याआधी १६ होता), झाले ६४३.५०. शिवाय माणशी रात्रीला १२ डॉलर हरित कर, दोघांचे २४. म्हणजे ६६७.५०. चार रात्रींचे २,६७०. सीप्लेनचे माणशी साडेपाचशे धरले तर आणखी १,१००. जिथे डोक्यात २,००० होते तिथे ३,७७० झाले, आणि अजून पोटात काही गेलेलं नाही. जेवण बाहेर जाऊन करावं म्हटलं तर बाहेर समुद्र आहे. त्यामुळे जेवणाची योजना खोलीबरोबरच ठरवावी. तिथे गेल्यावर ताटागणिक पैसे देणं सगळ्यात महाग. नाश्ता आणि रात्रीचं जेवण अशी अर्धी योजना आपल्या लोकांना पुरते, पण त्यात प्यायचं पाणी धरलंय का ते विचारावं. पुष्कळ ठिकाणी जेवताना मागवलेल्या पाण्याच्या बाटलीचं बिल लागतं. शाकाहारी, त्यातून कांदा-लसूण न खाणारे असाल तर आठवडाभर आधी ईमेल करावा. भटारखान्यात भारतीय आचारी असतोच बहुधा, त्याला फक्त सांगितलेलं हवं. हे दर ऐकून ‘लूट आहे’ म्हणणारे भेटतात. मला तसं वाटत नाही. बेटावर विहीर नाही, शेत नाही, तारा ओढून आणलेली वीज नाही. समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र, ते चालवायला डिझेलचं जनित्र, ते डिझेल बोटीनं आणलेलं. टोमॅटो, दूध, टिश्यू पेपर, सगळं आलेलं. एक बेट, एक रिसॉर्ट ही चाल १९७२ साली कुरुंबा या पहिल्या रिसॉर्टपासून सुरू झाली तेव्हाच हे ठरून गेलं. लांब असणं हाच तिथला माल आहे, आणि त्याचीच वाहतूक आपण भरतो. ज्यांना ते परवडत नाही किंवा पटत नाही त्यांच्यासाठी माफुशीसारख्या वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस आहेत. तिथे दारू मिळत नाही, पोहायच्या कपड्यांना ठरावीक किनारा, पण मासळी ताजी आणि माणसं बोलकी.

दारूवरून आठवलं. मुंबईच्या ड्यूटी-फ्रीमधून बाटली घेऊन जाणारे आपले लोक काही कमी होत नाहीत. मालेला बॅगांचा एक्स-रे होतो, बाटली काढून घेतात, पावती देतात, परतताना पावती दाखवून घ्यायची. डुकराचं मांस चालत नाही, वेप म्हणजे ई-सिगारेट चालत नाही, आणि पूजेच्या मूर्तीही चालत नाहीत. प्रवासात लागतो म्हणून बॅगेच्या कप्प्यात ठेवलेला चांदीचा गणपती घरी देवघरातच राहू द्यावा. येताना प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नये, तेही बेकायदा आहे. व्हिसा उतरल्यावर मिळतो, फुकट. त्याआधी ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, जाण्याच्या ९६ तासांच्या आत, परतीचा पुन्हा वेगळा. तोही फुकट. तो भरून देतो म्हणून पैसे मागणारी संकेतस्थळं शोधात वर येतात, तिथे कार्ड काढू नये.

रिसॉर्टच्या नाश्त्यात एका कोपऱ्यात, पॅनकेक आणि क्रोसाँच्या पलीकडे, एक साधा वाडगा असतो. खोवलेलं खोबरं, त्यात ट्यूनाचे तुकडे, कांदा, मिरची, लिंबू. सोबत पातळ पोळीसारखं काहीतरी. बहुतेक पाहुणे पुढे जातात. त्या वाडग्यातल्या पदार्थाचं नाव मस हुनी, आणि पोळीचं नाव रोशी. मस म्हणजे मासा, रोशी म्हणजे रोटी. मालदीवची ‘दिवेही’ ही भाषा आपल्याच कुळातली, सिंहलीची सख्खी बहीण, मराठीची लांबची. ते पाण्याला फेन म्हणतात: आपल्या ‘प’चा त्यांनी ‘फ’ केला, एवढंच. जगाला ‘अटॉल’ हा शब्दही त्यांनीच दिला. आणि कवडी. सारीपाटावर आपण टाकतो ती, भुत्यांच्या गळ्यात असते त्या जातीची कवडी एके काळी मालदीवहून जहाजं भरभरून बंगालात जायची, बदल्यात तांदूळ यायचा. बंगालच्या बाजारात ती शतकानुशतकं चलन म्हणून चालली. किनाऱ्यावर झावळ्या पाण्यात ठेवून त्यांना चिकटलेल्या कवड्या गोळा करायच्या आणि त्याचा भात खायचा, असा व्यवहार. आता त्याच वाळूवर आपण डॉलर घेऊन जातो, आणि कवडीमोल हा शब्द मात्र आपल्याकडे राहिलाय.

काकाकाकूंची हुलहुमालेतली रात्र वाईट गेली नाही, असं काकू म्हणतात. संध्याकाळी रस्त्यावर मुलं सायकली चालवत होती, एका टपरीवजा हॉटेलात ट्यूनाच्या तळलेल्या पुऱ्या आणि काळा चहा मिळाला, आणि दोन दिवसांनी रिसॉर्टमध्ये बारा डॉलरचा चहा पिताना काकांना त्या चहाची आठवण आली. सकाळी सीप्लेनच्या धक्क्यावर वैमानिक चड्डी-शर्टात, अनवाणी. काकूंनी त्यालाच विचारलं, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत, की रात्री दिवे लावून का नाही नेत. तो हसला नाही. रात्रीचं राहू दे, म्हणाला, आम्हाला भर दुपारीही कधीकधी भीती वाटते. वारा पडलेला असतो, पाणी आरशासारखं स्थिर होतं, आभाळ आणि समुद्र एकच दिसतात, तुम्ही लोक फोटो काढता तो दिवस. तेव्हा पाणी किती खाली आहे तेच कळत नाही. मग आम्ही किनाऱ्याची कड धरून उतरतो, नाहीतर बेटावरच्या बोटीला सांगतो, जरा एक फेरी मार, पाण्यावर चरा उठू दे.

काकू म्हणाल्या, त्या दिवशी उतरताना त्या खिडकीतून सारखं खालीच बघत होत्या, चरा दिसतोय का ते.